चाळिशीनंतरचं वजन आणि हार्मोन्स: काटा बाजूला ठेवा, टेप हातात घ्या

"खाणं तेवढंच आहे, रोज चालतेय पण, तरी पोट सुटतंय." पंचेचाळीसच्या आसपासच्या बायकांकडून हे मी सतत ऐकते, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "वय झालं ना, मेटाबॉलिझम स्लो झाला." मग सुरू होतं रात्रीचं जेवण बंद, भात बंद, कुणीतरी सांगितलेलं जिऱ्याचं पाणी, आणि तीन महिन्यांनी वजन चार किलो कमी पण अंगात त्राण नाही, गुडघे कुरकुरतायत, केस गळतायत, आणि नंतर सगळं वजन परत. हे चक्र थांबावं असं मला मनापासून वाटतं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. मुख्यतः बायकांसाठी आहे, पुरुषांचंही मध्ये येईल.

आधी मेटाबॉलिझमचं बोलू. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून साडेसहा हजारांच्या जवळपास माणसांचा ऊर्जेचा खर्च तपासला, अगदी तान्ह्या बाळापासून नव्वदी पार केलेल्यांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू यांचा हिशोब धरला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ तसाच राहतो, साठीनंतर मग दरवर्षी पाऊण टक्क्याच्या आसपास उतरतो. म्हणजे पंचेचाळीसला इंजिन स्लो झालेलं नसतं. मग बदलतं काय? तर स्नायू कमी होतात आणि त्यांची जागा चरबी घेते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात, साठीनंतर वेग अजून वाढतो. हे गुपचूप होतं कारण काट्यावर दिसतच नाही, स्नायू दोन किलो गेले आणि चरबी दोन किलो आली तर आकडा तोच, फक्त ब्लाउजच्या बाह्या सैल आणि कंबर घट्ट.

हार्मोन्स नेमकं काय करतात

इस्ट्रोजेन (ओव्हरीतून सुटणारं बाईचं मुख्य हार्मोन) भरपूर असतं तोवर बाईच्या अंगावरची चरबी जास्त करून कंबरेखाली, मांड्यांवर साठते. पाळी जायच्या सुमाराला ते उतरतं आणि तीच चरबी पोटात, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये जायला लागते, आणि ही आतली चरबी शुगर, बीपी, हार्टच्या दृष्टीने जास्त त्रासदायक. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास चालू आहे, त्यात दिसलं की शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधी चरबी वाढायचा वेग दुप्पट होतो, स्नायू उतरायला लागतात, आणि हे शेवटच्या पाळीनंतर दोनेक वर्षांपर्यंत चालतं. त्याच काळात नुसतं वजन बघितलं तर ते आधीसारखंच हळूहळू वाढत होतं, एकदम उसळी नाही. म्हणून तर मी म्हणते काट्यावर विसंबू नका.

भारतात पाळी जायचं वय सरासरी ४६-४७, पाश्चात्त्य देशांत ५१. म्हणजे आपल्याकडे हे सगळं चाळिशीच्या सुरुवातीलाच चालू होऊ शकतं, जेव्हा घरात मुलांची दहावी-बारावी, सासू-सासऱ्यांची आजारपणं, ऑफिस सगळं एकदम अंगावर असतं.

आणि एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ज्यांची गर्भपिशवी काढलीय त्यांनी डिस्चार्ज कार्ड काढून बघा की ओव्हरी, म्हणजे अंडाशय, ठेवल्यात की त्याही काढल्यात. दोन्ही ओव्हरी काढल्या असतील तर मेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची जाणं, त्याच दिवशी आला, मग वय ३२ का असेना, आणि स्नायू, हाडं, पोट सगळ्याचं घड्याळ तिथून सुरू. ओव्हरी ठेवल्या तरी तो थोडा लवकर येऊ शकतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा २०१९ मध्ये सरकारी सर्व्हे झाला तेव्हा ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी तिशीतल्या. ऑपरेशननंतर पुढे शरीरात काय होणार हे त्यांना कुणी बसवून सांगितलं असेल का, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. आपल्या घरात, कामाला येणाऱ्या ताईंमध्ये अशा कुणी असतील तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा.

बाकीचं पटकन सांगते. इन्शुलिन: जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात, ते कमी झाले की साखर रेंगाळते, इन्शुलिन जास्त सुटतं, चरबी वितळायला नकार देते. थायरॉइड: त्याच्यावर सगळं खापर फोडलं जातं, पण थायरॉइड कमी झाल्याने वाढणारं वजन बहुतेक वेळा दोन ते पाच किलोच असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं, त्यामुळे पंधरा किलो वाढलेत आणि कारण फक्त थायरॉइड हे सहसा खरं नसतं. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन: इंस्टाग्रामवर "कॉर्टिसॉल बेली" म्हणून पावडरी विकतात, त्या घेऊ नका. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन चाळिशीपासून दरवर्षी साधारण एक टक्का उतरतं, आणि पोटाची चरबी स्वतःच ते अजून खाली ओढते, म्हणून पोट कमी केलं की बऱ्याच जणांचं आपोआप सुधारतं. टेस्ट करायचीच तर सकाळी दहाच्या आत, आणि कमी आलं तर परत एकदा. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेऊ नये, त्याने शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्राणूही घटतात.

पायरी १: मोजा, पण नीट मोजा

शिवणाच्या डब्यातला टेप घ्या. सकाळी पोट रिकामं असताना, परकराची नाडी किंवा लेगिंगचा इलॅस्टिक खाली सरकवून, कारण नाडीच्या खाचेत टेप बसला की आकडा खोटा येतो. सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपा, मग बाजूला कंबरेचं हाड, दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप आडवा सरळ, आरशात बघून की मागे खाली घसरला नाही ना. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या वर गेलं की सावध व्हायचं.

"पण माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) नॉर्मल आहे" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचंच उदाहरण. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. युडकिन, दोघांचा बीएमआय सेम २२.३, आणि शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. २००४ मध्ये दोघांनी फोटोसकट हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असू शकतो.

दुसरी टेस्ट खुर्चीची. हात नसलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही, दोन्ही हात छातीवर आडवे, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसायचं, घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर वेळ लावायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई लोकांसाठीच्या निकषांप्रमाणे शारीरिक क्षमता कमी समजतात. आमच्या सोसायटीच्या सकाळच्या ग्रुपमध्ये आम्ही ही केली तेव्हा सगळ्यात सडपातळ असलेल्या एक काकू तिसऱ्या वेळेला मांडीवर हात टेकवून उठल्या, आणि त्यांचं वजन लग्नापासून तेवढंच आहे म्हणून सगळ्या त्यांचं कौतुक करायच्या. त्यांच्या पायात ताकद उरली नाही हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

वजन आठवड्यातून एकदा, कंबर आणि खुर्ची महिन्यातून एकदा, वहीत लिहा. घरचे फॅट टक्के दाखवणारे वजनकाटे पाणी प्यायलं की आकडा बदलतात, त्यावर मूड खराब करू नका.

पायरी २: टेस्ट कुठल्या, कुठल्या नाही

टीएसएच (थायरॉइडची), उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची), बी१२ आणि व्हिटॅमिन डी एवढ्याने सुरुवात पुरते. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून डायबिटीस. पण लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर येऊ शकतो, आणि आपल्याकडे ॲनिमिया किती जणींना असतो, म्हणून हिमोग्लोबिनशेजारी ठेवूनच वाचा. बायोटिनच्या केसांच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडची टेस्ट गडबडते, डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. ४५ च्या पुढे पाळी मागेपुढे होतेय, घाम फुटतोय, एवढ्यावर मेनोपॉजची सुरुवात कळते, त्यासाठी हजारो रुपयांचं हार्मोन पॅनल लागत नाही. बारा महिने सलग पाळी नाही म्हणजे मेनोपॉज झाला. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी डॉक्टर, त्यात चालढकल नको.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती कशी घेता ते बघा, कारण अर्धा गोंधळ तिथेच असतो. पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग चहा अर्ध्या ते एका तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर. चहाबरोबर गोळी आणि लगेच कॅल्शियम असं वर्षानुवर्षं चालू असतं आणि मग डोस वाढतच जातो.

पायरी ३: औषधांचा डबा उघडा

काही गोळ्यांनी वजन वाढतं: स्टिरॉइड, डायबिटीसच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन, डिप्रेशन आणि झोपेसाठी दिलेल्या काही, बीपीच्या काही जुन्या. स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं की पर्याय आहे का. आणि सांधेदुखीवरची बिनलेबलची पुडी, "शंभर टक्के हर्बल" म्हणून मिळणारी, दोन दिवसांत जादूसारखा गुण देत असेल तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. चेहरा गोल, पोट मोठं आणि हातपाय काडी असं दिसायला लागलं तर पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. जुनी सवय असेल तर एकदम थांबवणंही धोक्याचं असतं.

पायरी ४: ताटात प्रोटीन

इथे आपलं सगळ्यात जास्त चुकतं. वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू कमी बनतात, म्हणून वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम धरा, ६० किलोच्या बाईला ६० ते ७० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे नक्की.

आता नेहमीचा दिवस मांडून बघा. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या, भेंडीची भाजी, अर्धी वाटी पातळ वरण आणि भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री मऊ खिचडी. जेमतेम चाळीस ग्रॅम होतं, त्यातही सकाळी जवळजवळ काहीच नाही. बदल मोठा नाही करायचा. पोह्यांऐवजी मूगडाळीची धिरडी, ५० ग्रॅम डाळीला १२ ग्रॅम मिळतं. दुपारी वरण पळीवाढं न करता घट्ट, किंवा मोड आलेल्या मटकीची मोठी वाटीभर उसळ, आणि तीसुद्धा चमच्याने खायची, पोळीला लावण्यापुरती नाही. सोबत दही. चार वाजता खारीच्या जागी मूठभर फुटाणे. रात्री पिठलं-भाकरी, एक कप दूध. सोयाबीन वडी जमत असेल तर ३० ग्रॅम कोरड्या वडीत १५ ग्रॅम, भिजवून पिळून रस्सा भाजीत टाकली की कळतही नाही. अंडं खाणाऱ्यांना एकात ६ ग्रॅम, मासे-चिकन खाणाऱ्यांना तर सोपंच आहे, फक्त बुधवार-रविवारवर न थांबता पसरून खा. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली उसळ आपल्या ताटात, ही सवय तेवढी मोडा, सुनेने-मुलीने आईचं ताट आधी वाढा.

उपासाचं बोलते कारण श्रावण, चतुर्थ्या, एकादश्या, नवरात्र मिळून वर्षाचे बरेच दिवस होतात. साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नसतं, निव्वळ स्टार्च, जे काही मिळतं ते कूटातून. श्रद्धेला हात लावायचं कारण नाही, उपास जरूर करा, पण राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, दूध, शेंगदाण्याची आमटी, चालत असेल तर पनीर, असा करा. नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर काढले तर स्नायू झिजतात आणि पोट तसंच राहतं.

पोट कमी करायचंय तर एकूण खाणं थोडं कमी लागेलच, ते खोटं नाही सांगणार. पण कात्री तेल, साखर, फरसाण, बिस्किटं, दुसऱ्यांदा घेतलेला भात यांना लावा. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर पुरतं, पिशवी फोडली की तारीख लिहा. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवू नका, कारण वेग वाढला की चरबीबरोबर स्नायूही जास्त जातात.

पायरी ५: वजन उचला, खरंच उचला

चालणं चांगलंच आहे, जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखर खाली ठेवते, ती सोडू नका. पण चालण्याने स्नायू वाढत नाहीत, त्यांना ओझं लागतं. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम करून घेतला, एकाने मध्येच सोडला, बाकी नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीला! त्यामुळे "आता या वयात काय" हे माझ्यासमोर कुणी बोललं की मी हेच सांगते.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, अर्धा तास. खुर्चीवर बसणं-उठणं. भिंतीवर हात टेकून पुशअप, जमलं की ओट्यावर. खिडकीच्या ग्रिलला रबरी बँड बांधून दोन्ही कोपर मागे ओढणं, याने पाठ सरळ राहते. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन जमिनीवरून उचलणं, पाठ सरळ ठेवून, ढुंगण मागे नेऊन. भिंतीला धरून चवड्यांवर वर-खाली. आणि शेवटी दोन्ही हातात जड पिशव्या घेऊन घरातल्या घरात फेऱ्या. प्रत्येकाचे ८ ते १२ वेळा असे दोन सेट, वजन असं हवं की शेवटचे दोन कष्टाने निघतील. बारा सहज निघाले की वजन वाढवायचं, लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, इतकं सोपं. हे वाढवत नेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, वर्षभर अर्ध्या किलोचे गुलाबी डंबेल हलवून काही होत नाही. श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा, बीपीवाल्यांनी तर खास. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. दोन दिवस अंग दुखेल ते ठीक, सांध्यात कळ आली तर थांबा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याचे प्रकार टाळा आणि फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

सूर्यनमस्कार चालतील का, हा प्रश्न येतोच. घाला, लवचिकपणा आणि दम दोन्हीला छान, पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि ओझं वाढत नाही, म्हणून जोडीला वरचं हवंच.

आणि स्नायू वाढले की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात हे ऐकलं असेल, तसं नाही, एक किलो स्नायू दिवसाला १३ च्या आसपास कॅलरी घेतो. फायदा साखर उचलण्याचा आहे, हाडं टिकण्याचा आहे, बाथरूममध्ये पाय घसरला तर सावरण्याचा आहे.

पायरी ६: झोप

रात्री दोनला घामाने जाग येते, पंखा लावा-बंद करा, मग सकाळी चिडचिड आणि दिवसभर गोडाची तल्लफ. ही तल्लफ मनाचा कमकुवतपणा नाही, झोप कमी झाली की भुकेचं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं कमी होतं. पुरुषांचंही तेच, तरुण मुलांना आठवडाभर पाच तासच झोपू दिलं तर टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं होतं. दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको, सुती कपडे, रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. घोरणं वाढलंय आणि सकाळी डोकं जड असतं तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याची, तपासणी करा, मेनोपॉजनंतर बायकांतही तो वाढतो आणि "बायका कुठे घोरतात" म्हणून राहून जातो.

हार्मोन थेरपी आणि इंजेक्शनं

हार्मोन थेरपी, म्हणजे कमी झालेलं इस्ट्रोजेन औषधातून देणं, हे वजन उतरवायचं औषध नाही, पण घाम, झोप, हाडं यासाठी उपयोगी आहे, आणि चरबी पोटाकडे सरकणं थोडं कमी करते. या थेरपीने ब्रेस्ट कॅन्सर आणि हार्टचा धोका वाढतो असं सांगणाऱ्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासाने सगळे घाबरले, पण पुढच्या वर्षांत स्पष्ट झालं की साठीच्या आत किंवा मेनोपॉजपासून दहा वर्षांच्या आत सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताची गुठळी, स्ट्रोक झालेला असेल तर गणित वेगळं. गायनॅककडे बसून बोला, स्वतः ठरवू नका आणि शेजारणीचं ऐकून नाकारूही नका.

२०२५ मध्ये आपल्याकडे माउंजारो आणि वेगोव्ही ही वजनाची इंजेक्शनं आली. काम करतात, पण उतरलेल्या वजनात पाव किंवा त्याहून जास्त वाटा स्नायूंचाही असू शकतो, आणि भूकच नसल्याने प्रोटीन जात नाही. घेत असाल तर पायरी ४ आणि ५ दुप्पट नेटाने, आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर

त्यांच्यासाठी वजन कमी करणं हे सहसा ध्येयच नसतं. त्यांना घट्ट वरण, दूध, अंडं, खुर्चीचा व्यायाम हे सगळं हवं, उपाशी ठेवणारं डाएट अजिबात नको. आईची बांगडी सैल होतेय, बाबांचा पट्टा एक भोक आत गेलाय आणि कुणी मुद्दाम प्रयत्न केलेला नाही, तर "बरं झालं, बारीक झाले" म्हणून सोडून देऊ नका. सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, असेच गेले असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि जाताना दात किंवा कवळी, भूक, मूड, चालू गोळ्या आणि शुगर या सगळ्याबद्दल काय दिसतंय ते एका कागदावर लिहून न्या.